निवडुंग मंडळ बंद करावं का? निपाणीच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. निपाणी-चिकोडी भागात निवडुंग आणि सक्युलंट, म्हणजे पानाखोडात पाणी साठवणारी रसाळ झाडं, वाढवणाऱ्यांचं तुमचं मंडळ आहे. एके काळी चाळीसेक सभासद होते. आता बैठकीला पाच-सहा जण येतात आणि तेही साठी ओलांडलेले. प्रदर्शन बंद होऊन चार वर्षं झाली. तरुण मुलं रोपं भरपूर विकत घेतात, पण मंडळाकडे फिरकत नाहीत. हे असं का झालं आणि मंडळ बंद करावं का, असं तुम्ही विचारलंय.

बेळगावातही असंच एक मंडळ होतं. मी अकरा वर्षं त्याचा चिटणीस होतो आणि शेवटच्या सभेचं इतिवृत्त माझ्याच हातचं आहे. झाडं मात्र अजून गच्चीवर आहेत, पस्तीस वर्षांपासून. त्यामुळे उत्तर लांबेल, सांभाळून घ्या.

बंद करायला माझी हरकत नाही. नाव, शिक्का, लेटरहेड गेलं तर फार काही जात नाही. पण मंडळ गाजावाजा न करता दोन कामं करत असतं. ती कुणाच्या तरी गळ्यात घातल्याशिवाय कुलूप लावू नका. एक, झाडाचं नाव झाडापाशी ठेवणं. दुसरं, एका घरच्या झाडाची दुसऱ्या घरच्या झाडाशी गाठ घालून देणं. आम्ही हे न करताच कुलूप लावलं, आणि काय गमावलं ते मला आज रोज सकाळी पाणी घालताना दिसतं.

गाठ घालून देणं म्हणजे काय, ते एका झाडावरून सांगतो. ॲस्ट्रोफायटम अस्टेरियास हा निवडुंग तुमच्याकडेही असेल. काटा नाही, चपटा गोल, आठ फाकी, प्रत्येक फाकीच्या मधोमध लोकरीच्या ठिपक्यांची ओळ. आमच्याकडे मार्च-एप्रिलात त्याला कळी येते. फूल सकाळी ऊन चढल्यावर उघडतं, पिवळं, गळ्याशी लाल, आणि संध्याकाळी मिटतं. दोन दिवस, फार तर तीन. या झाडाचे परागकण त्याच्याच फुलावर कितीही चोळा, बी धरत नाही. त्याच झाडाचं दुसरं फूलही चालत नाही. वेगळ्या बीपासून वाढलेलं दुसरं झाड लागतं, आणि तेही त्याच दिवशी फुललेलं.

आता एका घरात अस्टेरियास किती असणार? एक, फार तर दोन. म्हणून फोन. लँडलाइनच्या काळात सकाळी साडेदहाला घंटी वाजायची आणि पलीकडून आमच्या मंडळातले शहापूरचे गुरुजी एवढंच म्हणायचे, "उघडलंय बघा." मग मी टिळकवाडीहून सायकल काढायचो. खिशात रंगकामाचा बारीक ब्रश आणि चौकोनी कागदाची पुडी. त्यांच्या फुलातल्या केसरांवर ब्रश फिरवला की तो पिवळाधमक व्हायचा. ती पूड पुडीत झटकायची, घरी येऊन माझ्या फुलाच्या मधल्या चांदणीवर टेकवायची, आणि माझी पूड घेऊन परत शहापूरला. एवढ्या येरझाऱ्या करून महिनाभरानं दोन्ही घरी फळ पिकायचं. त्यातलं बी टोपीसारखं, तपकिरी, चमकदार, पाण्यावर टाकलं तर तरंगणारं. मे महिन्याच्या उकाड्यात पेरलं तर तीन-चार दिवसांत हिरवे ठिपके वर. पुढे फुलावर यायला चार-पाच वर्षं.

गुरुजी गेले. त्यांचं झाड कुठे गेलं मला ठाऊक नाही. माझं अस्टेरियास दर एप्रिलात फुलतं आणि बी न धरता मिटतं. झाड निरोगी आहे, वजनदार आहे, बघणारे कौतुक करतात. पण त्याचा वंश माझ्या गच्चीवर थांबला. मंडळ गेल्याचं सगळ्यात मोठं नुकसान मला विचाराल तर हे आहे, आणि सभासदांच्या यादीत किंवा हिशेबाच्या वहीत ते कुठेच दिसत नाही.

नावाचं तसंच. तुमच्या जुन्या सभासदांकडच्या लेबलांवर जातीच्या नावापुढे काही अक्षरं आणि आकडा असेल तर तो फील्ड नंबर, म्हणजे रानात झाड नोंदवणाऱ्यानं त्याला दिलेला क्रमांक. एसबी म्हणजे अमेरिकेतले स्टीव्हन ब्रॅक, लाऊ म्हणजे मेक्सिकोत हिंडून झाडं नोंदवणारे आल्फ्रेड लाऊ, डब्ल्यूआर म्हणजे ऑस्ट्रियाचे वाल्टर राउश. त्या आकड्यावरून मूळ बी कुठल्या डोंगराच्या कुठल्या उतारावरचं, ते शोधता येतं. लेबल उडालं की झाड तेच राहतं, पण त्याचा पत्ता कायमचा पुसला जातो. मग कितीही मोठा जाणकार आणा, तो जात सांगेल, गाव सांगू शकणार नाही.

गाव हरवणं किती महागात पडतं याची एक खरी हकीकत आहे. १९५२ साली नॉर्मन बोक या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाला मेक्सिकोत एका पत्र्याच्या डब्यात लावलेलं मॅमिलेरिया या निवडुंगाचं अगदी नव्या जातीचं, बारीक रोप दिसलं. ते रानात कुठून आणलं, हे कळलं नाही. रोप जगलं नाही. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षं लोक शोधत राहिले. १९९६ साली योनास ल्यूथी यांना ते रानात सापडलं, म्हणून त्याचं नाव मॅमिलेरिया ल्यूथी. एका डब्यावर गावाचं नाव लिहिलेलं असतं तर एवढा काळ गेला नसता.

यावर कुणी म्हणेल की आपण हौशी माणसं, आपल्याला कशाला हे शास्त्र? २०१५ साली निवडुंग कुळातल्या १,४७८ जातींची जगभर पाहणी झाली, त्यात ३१ टक्के जाती धोक्यात निघाल्या. कारणांमध्ये रानातून चोरून उपटलेली झाडं आणि बिया यांचा व्यापार वरच्या क्रमांकाला होता. अस्टेरियास तर आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटीस कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक यादीत आहे. अशा झाडाचं घरी तयार केलेलं, नावगाव असलेलं बी चार जणांत वाटलं जातं तेव्हा तेवढ्यापुरती रानातल्या झाडाची मागणी कमी होते. शहापूर ते टिळकवाडी सायकल मारणारी दोन माणसं हे काम करत होती. त्याला लहान समजू नका.

आता मंडळं का मोडतात. आपल्याकडेच असं झालंय असं वाटून खंत करू नका. जर्मनीतली राष्ट्रीय संस्था १८९२ ची, अमेरिकेतली १९२९ ची. ब्रिटनमध्ये दोन संस्था होत्या, त्या १९८३ साली एकत्र आल्या. एवढ्या जुन्या आणि भक्कम संस्थांनाही सभासदांचं वाढतं वय भेडसावतंय आणि पदाधिकारी मिळत नाहीत म्हणून गावोगावच्या शाखा मिटतायत. फरक एवढाच की त्यांच्यामागे छापील नियतकालिकं आहेत, बियांच्या याद्या आहेत, झाडं कुणाकडे आहेत याच्या नोंदी आहेत. शाखा मिटली तरी कागद राहतो. आपलं सगळं माणसांच्या डोक्यात आणि एखाद्या चिटणिसाच्या वहीत.

"तरुणांना रस नाही" हे कारण मी मान्य करत नाही. २०२० च्या टाळेबंदीनंतर सक्युलंटची जेवढी विक्री मी पाहिली तेवढी आधी कधी पाहिली नव्हती. खानापूर रोडच्या कडेला, कॉलेजच्या आसपास, प्रत्येक रोपवाटिकेत दोन इंची कुंड्यांची रांग लागलेली असते. रस आहे. पण त्या मुलांच्या हातात पहिलं झाड कुठलं पडतं ते बघा. रंग फासलेला निवडुंग, किंवा गरम गोंदानं वर सुकं फूल चिकटवलेला, किंवा तो लाल-पिवळा गोळा. तो गोळा म्हणजे हरितद्रव्य नसलेलं जिम्नोकॅलिशियम, ड्रॅगन फ्रूटच्या खुंटावर कलम केलेलं. स्वतःचं अन्न त्याला करता येत नाही, खुंट दमला की गोळाही जातो. आणि छोट्या कुंडीतल्या त्या खुंटाला आपल्याकडची डिसेंबरची थंडी आणि जुलैची झड बऱ्याचदा सोसत नाहीत. झाड मेलं की मुलीला वाटतं आपल्या हाताला गुण नाही, आणि ती पुन्हा या वाटेला येत नाही. त्या वेळी तिला "बाई, तुझा दोष नाही, हे झाडच तसं होतं, हे घे माझ्याकडचं पिल्लू" असं म्हणणारं माणूस लागतं. पूर्वी ते माणूस मंडळात भेटायचं.

माहितीसाठी मात्र आता मंडळात यायची कुणालाच गरज उरली नाही, आणि यात वाईट काही नाही. आम्ही १९९० च्या सुमारास एका इंग्रजी पुस्तकाच्या झेरॉक्सवर पंधरा जण शिकलो. आज पिठ्या ढेकणाचा फोटो काढून पाठवला की पाच मिनिटांत औषध कळतं. अडचण एवढीच की ते औषध कुठल्या हवेतल्या माणसानं सांगितलं ते कळत नाही. ताई, आपला जिल्हा एक आहे पण त्यात हवामानं निदान तीन आहेत. कणकुंबी-जांबोटीला पावसाची संततधार, बेळगाव शहरात बाराशे-तेराशे मिलिमीटर आणि जून ते सप्टेंबर सूर्याचं दर्शन दुर्मीळ, अथणीला जेमतेम पाच-सहाशे. राजस्थानातल्या माणसाचा पाण्याचा हिशेब बेळगावात पाळला तर गणपतीपर्यंत निम्मी झाडं बुडातून पिचपिचीत होतात. आमच्या मंडळाची खरी विद्या ही होती: अथणीवाल्यानं मेलोकॅक्टस सांभाळावा, त्याला ऊब लागते. बेळगाववाल्यानं रेब्युशिया आणि लोबिव्हिया, कारण आपल्या थंडीत त्यांना कळी धरते आणि तिकडे धरत नाही. खानापूरवाल्यानं गच्चीवर काही ठेवायच्या आधी पन्हळीचं पारदर्शक छप्पर घालावं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. दहा पावसाळे झाडं मारून जमा झालेलं होतं.

मातीचंही तेच. जांभ्याचे वाटाण्याएवढे खडे, चाळलेला विटांचा चुरा, थोडं कुजलेलं पानखत, मूठभर निंबोळी पेंड, हे आमचं मिश्रण. नदीची वाळू महाग आणि दुर्मीळ झाली तेव्हा एका सभासदानं उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून साच्यांची टाकाऊ वाळू आणली. दिसायला झकास, काळी, एकसारखी. त्या साच्यांच्या वाळूत बेंटोनाइटची माती आणि कोळशाची पूड असते. पाणी पडलं की बेंटोनाइट फुगतो आणि कुंडीत चिखलाची वडी तयार होते. त्यांची साठ-सत्तर झाडं एका पावसाळ्यात गेली. पुढच्या बैठकीत त्यांनी उभं राहून स्वतः सगळ्यांना सांगितलं. अशी चूक सर्वांसमोर सांगणारा माणूस आणि ती ऐकून घेणारे वीस जण एका खोलीत असणं, याला पर्याय मला अजून सापडलेला नाही.

दुसरं मोठं कारण गच्ची. टिळकवाडी, हिंदवाडीतले कौलारू बंगले पाडून तिथे अपार्टमेंट झाली. बंगल्याची गच्ची एकाची असते, अपार्टमेंटची सोसायटीची. शंभर कुंड्या ठेवल्या की गळतीची तक्रार येते. आमचे चार उत्तम सभासद घर पुनर्विकासाला दिल्यावर दोन वर्षांत संपले, म्हणजे त्यांचा संग्रह संपला. मुलं पुण्याला, बेंगळुरूला. त्यात वास्तुशास्त्राच्या नावाखाली घरात काटेरी झाड नको, कलह होतो, हे सांगणारे वाढले. गृहप्रवेशाच्या दिवशी वीस वर्षांचं मॅमिलेरिया कचऱ्याच्या गाडीत गेलेलं मी पाहिलंय.

सीमाभागाचं एक वेगळं कारणही आहे, ते टाळून चालणार नाही. आमच्या सभा मराठी-कन्नड मिसळून चालायच्या. गोकाकचे एक अण्णा कन्नडातून कळ्ळी म्हणायचे, आम्ही निवडुंग म्हणायचो, आणि दोन्ही शब्दांत तोच गोंधळ आहे: बांधावरचा चिकाळ वई निवडुंग हा मूळचा इथला आणि युफोर्बिया कुळातला, फड्या निवडुंग अमेरिकेतून आलेला, खरा कॅक्टस. म्हणून झाडाचं लॅटिन नाव हीच सगळ्यांची सामाईक भाषा होती. भाषेवरून आमच्यात कधी वाद झाला नाही. पण प्रदर्शनाचा हंगाम डिसेंबर-जानेवारी, आणि त्याच दिवसांत बेळगावात विधानसभेचं अधिवेशन. शहरात बंदोबस्त, वातावरण तापलेलं, कधी कोल्हापूरच्या एसटी बंद. कोल्हापूर-गडहिंग्लजची मंडळी झाडं घेऊन येणार कशी? दोन वर्षं त्यांनी झाडं भरून ठेवली आणि गाड्या निघाल्याच नाहीत. तिसऱ्या वर्षी त्यांनी विचारलं नाही, आम्ही बोलावलं नाही.

बी परदेशातून मागवणंही अवघड झालं. पूर्वी पाकिटातून बी यायचं. वनस्पती विलगीकरणाच्या २००३ च्या आदेशानुसार आयात परवाना लागतो, पाठवणाऱ्या देशाचा रोगमुक्ततेचा दाखला लागतो. नियम रास्त आहे, रोग-किडी अशाच येतात. पण पन्नास बियांसाठी एवढी कागदपत्रं एकटा हौशी माणूस करत नाही. म्हणून देशातलं, घरातलं, नावासकट असलेलं बी आता पूर्वीपेक्षा मोलाचं आहे.

आणि आमची स्वतःची चूक. ही सांगायला मला जड जातं. एका वर्षी प्रदर्शनात मी परीक्षक होतो. एका सभासदानं सोनेरी काट्यांचा मोठा गोल्डन बॅरल ठेवला, फुटभर रुंद, बघताच डोळे दिपावेत असा. रोपवाटिकेतून आठवड्यापूर्वी विकत आणलेला. शेजारी गुरुजींचं अस्टेरियास, त्यांनी स्वतः बी धरून, पेरून, सात वर्षं वाढवलेलं, जेमतेम अडीच इंच. मी पहिला क्रमांक गोल्डन बॅरलला दिला. आमच्या नियमात झाड किती काळ स्वतःकडे असावं याचा उल्लेखच नव्हता, त्या आडोशाला मी उभा राहिलो. गुरुजी काही बोलले नाहीत, कुंडी पिशवीत घातली आणि गेले. पुढच्या वर्षीपासून त्यांनी प्रदर्शनात झाड ठेवलं नाही. फोन करायचे, पण बैठकीला यायचे नाहीत. त्यांच्याबरोबर बी पेरणारे आणखी तिघे हळूहळू थांबले. मंडळ विकत घेणाऱ्यांचं झालं आणि विकत घेणाऱ्याला मंडळाची गरज नसते, त्याला दुकान पुरतं.

बक्षीस कशाला देतो, यावर मंडळ काय होणार ते ठरतं. तुम्ही पुन्हा प्रदर्शन भरवणार असाल तर एकच नियम करा: झाड निदान दोन वर्षं स्वतःकडचं, आणि बीपासून वाढवलेल्या झाडाचा विभाग वेगळा, त्याचं बक्षीस सगळ्यात मोठं.

सगळी कामं मी एकट्यानं धरून ठेवली, हीदेखील माझीच चूक. बीवाटपाची वही माझी, बँकेचं पुस्तक माझ्याकडे, कुणाकडे काय आहे ते माझ्या डोक्यात. लोक म्हणायचे तुम्हीच करा, तुम्हाला जमतं, आणि मला ते ऐकायला बरं वाटायचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अतिवृष्टीनं शहरभर पाणी झालं, माझ्या तळघरातली कपाटं भिजली आणि त्यात ती वही गेली. दुसरी प्रत नव्हती. पुढच्या मार्चमध्ये टाळेबंदी. त्यानंतर सभा बोलावण्यासारखं माझ्याकडे काही उरलंच नव्हतं.

आता तुम्ही काय करावं. प्रदर्शन विसरा, वर्षभर बैठकाही घेऊ नका. तुम्ही पाच-सहा जण दर रविवारी सकाळी एकेकाच्या घरी जा आणि फक्त लेबलं करा. श्रीखंडाच्या किंवा आईस्क्रीमच्या पांढऱ्या डब्याच्या पट्ट्या कापा आणि साध्या शिसपेन्सिलीनं लिहा. मार्करचं अक्षर उन्हात दोन वर्षांत उडतं, पेन्सिलीचं टिकतं. एक पट्टी वर खोचा, तीच नोंद लिहिलेली दुसरी मातीत पूर्ण पुरा. वरची पट्टी मांजर ओढतं, माळी मोडतो. खालची कुंडी बदलताना सापडते, आणि आमची कित्येक नावं अशीच वाचली. लेबलावर नाव, फील्ड नंबर असला तर तो, कुणाकडून मिळालं आणि कुठल्या वर्षी, एवढं पुरे. नाव माहीत नसेल तर अंदाजानं लिहू नका. "गुरुजींकडून, १९९८" एवढंच लिहिलं तरी ते खोट्या लॅटिन नावापेक्षा लाख पटीनं बरं. मग झाड आणि लेबल एकाच फोटोत येईल असा फोटो काढा आणि तो तिघांच्या फोनमध्ये ठेवा. वही करणार असाल तर दोन घरी दोन.

नावं नवीन बदललीत म्हणून जुन्या सभासदांशी वाद घालू नका. गोल्डन बॅरलला २०१४ पासून क्रोएनलेनिया असंही म्हणतात. ज्यांना इचिनोकॅक्टस म्हणायचंय त्यांना म्हणू द्या. जुन्या नावावरून नवीन शोधता येतं, पुसलेल्या नावावरून काहीच शोधता येत नाही.

ही यादी झाली की तिच्यावरून बघा: कुठलं झाड फक्त एकाच घरी आहे? त्याचं पिल्लू, कलम किंवा बी या वर्षी दुसऱ्या घरी गेलंच पाहिजे. आणि कुठल्या झाडाला जोडीदार नाही? त्याच्यासाठी गावाबाहेर विचारा, कोल्हापूरला, धारवाडला, पुण्याला. बी गोळा केलंत तर फळाचा गर धुऊन, सावलीत खडखडीत वाळवून, कागदाच्या पाकिटात, पाकिटं झाकणाच्या डब्यात, डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. मॅमिलेरियाचं बी काही वर्षं टिकतं. फ्रेलिया आणि रेब्युशियाचं मात्र त्याच वर्षी पेरा, त्यांची उगवण फार लवकर जाते.

साठीपुढचे सभासद आहेत म्हणता, तर अवघड असलं तरी हे बोला: माझ्यामागं झाडं कुणाला द्यायची. एका कागदावर दोन नावं आणि दोन फोन नंबर लिहून तो देव्हाऱ्याजवळ किंवा कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. मला एका घरून फोन आला होता. आमचे जुने सभासद जाऊन तेरा दिवस झाले होते. त्यांची सून म्हणाली, "काका, ह्यातलं कुठलं काय हाय आमाला काय कळत नाही, तुमी घिऊन जावा की." मी गेलो तर पाहुण्यांना बसायला जागा हवी म्हणून कुंड्या अंगणात एकीवर एक रचलेल्या, लेबलं सगळी गोळा करून एका पिशवीत. नीट, स्वच्छ, एकत्र बांधलेली. तिनं प्रेमानंच केलं होतं. तीनशे झाडं आणि तीनशे नावं, आणि कुठलं कुणाचं ते सांगणारं कोणी नाही.

संस्थेला झाडं दान करताना जपून. आम्ही एका शिक्षणसंस्थेला सव्वाशे कुंड्या समारंभ करून दिल्या. तिथला माळी बिचारा गुलाबाला घालतो तसं रोज पाणी घालत राहिला, दोन पावसाळ्यांत मोजक्या उरल्या. जिथे झाडं ओळखणारा एक माणूस स्वतः मागून घेतो तिथेच द्या. माणूस बघा, इमारत बघू नका.

नोंदणीचं विचारलं नाहीत, पण तेही सांगतो. मंडळ कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा, १९६० खाली नोंदलेलं असेल तर दरवर्षी वार्षिक सभा, हिशेब आणि कार्यकारिणीची यादी नोंदणी अधिकाऱ्याकडे द्यावी लागते. सहा जणांत हे झेपत नसेल तर रीतसर विसर्जन करा, शिल्लक रक्कम वाटून घेता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेकडे जाते. नुसतं सोडून दिलं तर कागद मागे लागतात. एकमेकांच्या घरी जाऊन लेबलं लावायला आणि परागकण द्यायला नोंदणी लागत नाही.

तरुणांना सभेला बोलावू नका, कुंड्या बदलायला बोलवा. हात मातीत गेले की बोलणं सुरू होतं. आणि त्यांच्यातल्या काहींना आपल्या मातीतल्या रसाळ झाडांकडे वळवा. शिंदळ माकुडी, म्हणजे फ्रेरिया इंडिका, सबंध जगात फक्त महाराष्ट्रातल्या काही कड्यांवर आहे. कंदीलपुष्पांच्या कितीतरी जाती आपल्या सह्याद्रीतल्याच, आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात त्यांच्यावर आणि त्यांच्या संवर्धनावर मोठं काम झालंय. ही झाडं आपला पाऊस ओळखतात. रानातून मात्र एकही उपटायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा.

एक शेवटचं. यादी करताना तुमच्यापैकी कुणाकडे अस्टेरियास निघालं आणि त्याला मार्चमध्ये कळी दिसली, तर मला कळवा. निपाणीहून बेळगाव हायवेनं दीड तास. फूल उघडल्यावर अकरा-साडेअकराला परागकण घ्या, कोरड्या कागदाच्या पुडीत ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत घाम सुटतो आणि पूड गोळा होते. पुडी खिशात ठेवली तर अंगाच्या उबेनं जाते, डब्यात ठेवा. त्याच दिवशी पोचली तर उत्तम. दुसऱ्या दिवशीही चालते, तोवर माझं फूल उघडं असतं.